धुळीची छत्री की धुळीची गोधडी?

छत्तीस वर्षे मास्तरकी केली. फळ्यावर चुका झाल्या नाहीत असे कोणता मास्तर म्हणेल? पण फळ्यावरच्या चुकीचे एक बरे असते, डस्टर फिरवला की ती गेली. माझी एक चूक मात्र फळ्यावर झाली नाही. ती झाली आमच्या चाळीच्या गॅलरीत, आणि उतरली नातीच्या वहीत, तीही शाईने. ती खोडायला मला तीन वर्षांवर काळ लागला. त्या खोडण्याचीच ही हकीकत.

तारीख २३ जानेवारी २०२२, वार रविवार. सकाळी गॅलरीत येऊन पाहतो तो दोरीवरचे कपडे, कठड्यावरची तुळस, खाली उभ्या असलेल्या टॅक्सी, सगळ्यांवर कुणी पिठाची चाळण झटकावी तशी पांढुरकी भुकटी! चौपाटीवरून फिरून आलेले शेजारी सांगत होते की समोरची मलबार हिल दिसत नाही. डोक्यावर सूर्य होता, पण कसा? पुसट काचेमागे ठेवलेल्या रुपयासारखा. शिवाय गारठा असा, की ज्यांच्या ट्रंकांना डांबराच्या गोळ्यांचा वास लागला होता ते स्वेटर गिरगावात पुन्हा दिसू लागले.

चाळीत निवृत्त विज्ञान-शिक्षक मी एकटाच. साहजिकच गॅलरीत सभा भरली आणि अध्यक्षपद माझ्याकडे आले. मीही घसा साफ करून सांगितले, "ही धूळ इथली नव्हे. पाकिस्तानच्या बाजूनं, गुजरातेवरून आणि अरबी समुद्रावरून आली आहे. तिनं सूर्याला छत्री धरली आहे, म्हणून हा गारवा!"

मंडळी खूष झाली. तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ आणि पाठोपाठ आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "छत्री धरली असेल, तर ती माझ्या नाकात का गळते आहे? अहो, आधी खिडकी लावा!"

हिला दमा आहे. त्या रात्री तिला दोनदा पंप ओढावा लागला. कोरोनाचे दिवस, त्यामुळे खोकला आला की घरात सगळेच एकमेकांकडे पाहत. उशाशी बसून मी तिची पाठ चोळत होतो, आणि सकाळच्या व्याख्यानातली ती छत्री काही तितकीशी गोड वाटेनाशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी बंद असलेल्या शाळा उघडल्या. आमची नात तेव्हा सातवीत. बाईंनी 'काल मी काय पाहिले' यावर पंधरा ओळी लिहायला सांगितल्या. तिने लिहिले, 'धुळीने ऊन अडवले म्हणून मुंबई गार झाली. असे माझे आजोबा सांगतात. ते विज्ञानाचे शिक्षक होते.' बाईंनी त्याखाली 'छान' असा शेरा दिला. वही मला दाखवून ती म्हणाली, "आजोबा, मग उन्हाळ्यात आपणच आकाशात धूळ उडवली तर? सगळं जग गार होईल ना?"

मी "होईल की!" असे म्हणून गेलो. म्हणजे एका चुकीवर दुसरी रचली.

वर्तमानपत्रांत जे आले होते ते वाचल्यावर माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. त्या दिवशी मुंबईचे कमाल तापमान चोवीस अंशांच्या आसपास अडले होते, एरवी जानेवारीत ते तीस-एकतीस असते. पण त्याचबरोबर उत्तरेत पश्चिमी झंझावात होता, गार वारे होते, आकाशात ढगही होते. मग या सहा-सात अंशांच्या उतारातला धुळीचा वाटा किती? अर्धा? पाव? की नावापुरता? मला ठाऊक नव्हते, आणि जे मोजलेले नाही ते मी ठामपणे सांगून बसलो होतो. वर्गात एखाद्या मुलाने असे केले असते तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

धुळीशी माझी ओळख तशी जुनी. माझा जन्म लालबागचा. वडील परळच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. घरी येत तेव्हा भुवयांवर, कानांवर कापसाचे तंतू असत, आणि छातीत एक घरघर असे जी पुढे कायमची राहिली. आमच्या खोलीला कौलांतून एक कवडसा येई. त्या कवडशात नाचणारे कण पाहत मी तासन्‌तास बसे. वडील एकदा म्हणाले, "धूळ नसती तर तुला हा कवडसा दिसलाच नसता."

गिरणी कामगाराच्या त्या एका वाक्यात अर्धे शास्त्र होते. उजेड सरळ जात असतो. वाटेत कण आला की त्यातला थोडा बाजूला फेकला जातो, आणि तो फेकलेला उजेड आपल्या डोळ्यांत शिरतो म्हणून कवडसा दिसतो. यालाच विकिरण म्हणतात. उरलेल्या उजेडातला थोडा कण स्वतः गिळतो आणि तापतो. बाकीचा आपल्या वाटेने पुढे जातो. म्हणजे उजेडाच्या नशिबी तीनच गोष्टी: निसटणे, फेकले जाणे किंवा गिळले जाणे. फेकलेल्यातलाही बराचसा पुढे, म्हणजे जमिनीकडेच येतो, आणि थोडाच परत अवकाशात जातो. छत्री म्हणायचे ती या परत गेलेल्या उजेडाला. मी गॅलरीत जे सांगितले त्यात गिळणे मुळी नव्हतेच, आणि पुढे फेकलेलाही मी परत गेल्यात जमा धरला होता.

तेव्हा ठरवले की नातीच्या प्रश्नाचे उत्तर मोजून द्यायचे.

लॅमिंग्टन रोड आमच्या घरापासून चालण्याच्या अंतरावर. तिथून एक लहानसा सोलर सेल आणि एक मल्टिमीटर आणला. सोलर सेलवर जितका उजेड पडेल तितका प्रवाह तो देतो, आणि मीटर तो आकडा दाखवतो. चाळीच्या गच्चीवर सेल आडवा ठेवून पहिला आकडा घ्यायचा. मग काडीला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती हातभर अंतरावर अशी धरायची की तिची सावली बरोबर सेलवर पडेल, आणि दुसरा आकडा घ्यायचा. पहिला आकडा सगळ्या उन्हाचा. दुसरा फक्त आकाशाकडून आलेल्या, म्हणजे कणांनी आणि हवेने फेकलेल्या उजेडाचा. दोन्हींची वजाबाकी केली की सूर्याकडून थेट आलेले ऊन उरते. या सगळ्यात सूर्याकडे डोळ्यांनी मात्र कधीही पाहायचे नाही, धूळ असली तरी नाही. घरी मुले असतील तर हे आधी सांगा.

ऑक्टोबरात पाऊस हवा धुऊन गेला की निळ्याभोर आकाशाखाली आमचा सावलीतला आकडा एकूण आकड्याच्या सहाव्या हिश्शाइतका येई. डिसेंबरातल्या धुरकट सकाळी तो तिसऱ्या हिश्शाच्या वर जाई. याचा अर्थ एकूण ऊन फार कमी झाले असा नव्हे. थेट येणारे ऊन कमी झाले, पण त्यातले बरेच आकाशाच्या वाटेने आडून आमच्यापर्यंत पोहोचले. "म्हणजे छत्रीला भोकं आहेत!" नात म्हणाली. मला तिचे म्हणणे मान्य करावे लागले.

आता हे ऊन म्हणजे किती? ज्यांच्या घरी हजार वॅटची इस्त्री आहे त्यांना हे लगेच समजेल. निरभ्र दिवशी भर दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर जे ऊन पडते ते साधारण एका चालू इस्त्रीइतके असते. आपल्या वातावरणाच्या बाहेर ते सुमारे १३६१ वॅट असते. पण वातावरणाच्या बाहेर कोण गेले होते मोजायला, असे तुम्ही विचाराल. नातीनेही हेच विचारले.

याचे उत्तर मी कंदिलाच्या कागदाने दिले. दिवाळीच्या कंदिलातला उरलेला पतंगी कागद घेतला. सेलवर चार थर ठेवून आकडा घेतला, मग तीन, मग दोन, मग एक. प्रत्येक थर काढला की आकडा जवळजवळ त्याच पटीने वाढत गेला. "आता कागद न काढता सांग, शून्य थरांना किती येईल?" तिने गुणाकार केला आणि आकडा सांगितला. शेवटचा कागद काढून पाहिले, तर फारसा फरक नव्हता.

सूर्य नेमके हेच करतो. सकाळी तो क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याचे किरण हवेच्या कित्येक थरांतून तिरके येतात. तो वर चढतो तसे थर कमी होतात. सकाळपासून दुपारपर्यंत आकडे घेत गेले आणि रेघ पुढे वाढवली की हवा अजिबात नसताना किती आले असते ते जमिनीवर बसून कळते. अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ले हा त्यासाठी १८८१ साली माउंट व्हिटनी या उंच पर्वतावर गेला होता. आजही अशा यंत्रांचे प्रमाणीकरण करायला शास्त्रज्ञ हवाई बेटांवरच्या मौना लोआसारख्या स्वच्छ हवेच्या डोंगरावर जातात. रीत तीच, आमच्या पतंगी कागदाची.

पण इथे आमची गाडी अडली. डिसेंबरात आकडा घसरला तो धुळीने की धुराने? सेलला दोन्ही सारखेच. मुंबईच्या हवेत वाहनांचा धूर आहे, बांधकामांची धूळ आहे, समुद्राचे मीठ आहे, आणि कधीकधी वाळवंटाचा पाहुणाही. त्यांना वेगळे ओळखायचे कसे?

स्वीडनच्या अँडर्स ऑंगस्ट्रॉमने १९२९ साली यावर एक सुंदर युक्ती सांगितली. दोन रंगांत मोजा. धुराचे कण फार बारीक. ते निळ्या उजेडाला जास्त आणि लाल उजेडाला कमी अडवतात. वाळवंटातल्या धुळीचे कण त्यांच्यापेक्षा बरेच मोठे. त्यांच्या लेखी निळा काय, लाल काय, जवळजवळ सगळे सारखेच. म्हणून धुळीचे आकाश पांढुरके दिसते. दोन्ही रंगांचे आकडे सारखेच घसरले तर मोठे कण, निळा जास्त घसरला तर बारीक कण, असा हा निवाडा.

आम्ही लाल आणि निळा जिलेटीन कागद सेलवर लावून पाहिला, आणि आकडे काही केल्या जमेनात. मग उलगडा झाला. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण दोन्ही कागदांतून आरपार जातात, आणि सोलर सेल त्यांनाही मोजतो. शेवटी उपाय मिळाला तोही दिवाळीच्याच सामानात. दादरहून आणलेले विजेचे तोरण आदल्या वर्षी अर्धे बंद पडले होते. त्यातले चांगले दिवे काढले. या एलईडी दिव्यांचा एक गुण असा, की वीज दिली तर उजेड देतात आणि उजेड दिला तर किंचितशी वीज देतात, तीही आपल्या रंगाजवळच्या उजेडालाच. अमेरिकेतल्या फॉरेस्ट मिम्स या हौशी संशोधकाने १९९२ मध्ये याच गुणावर स्वस्त सूर्यप्रकाशमापक बनवून दाखवला होता. लाल दिवा लालसर-नारिंगी उजेड ओळखतो, हिरवा दिवा निळसर. वीज फारच थोडी, म्हणून लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराकडून ती वाढवून दाखवणारे छोटे सर्किट करून घेतले. दिव्यांपुढे काळ्या कागदाची नळी लावली. नळीची सावली अगदी गोल आणि लहान झाली की नळी सूर्याच्या रोखात आली असे समजायचे. बिस्किटांच्या डब्यात बसवलेले हे यंत्र पाहून ही म्हणाली, "निदान बिस्किटं तरी आधी संपवायची होती."

त्या डब्याने आम्हाला दोन गोष्टी दाखवल्या. डिसेंबरच्या सकाळी निळसर आकडा लालसर आकड्यापेक्षा कितीतरी जास्त घसरे. हा धूर. पण एका एप्रिलात पांढुरक्या आकाशाची एक दुपार आली तेव्हा दोन्ही आकडे जवळजवळ बरोबरीने घसरले. मोठे कण! नात टाळ्या पिटू लागली. मी तिला थांबवून सांगितले, "समुद्राचे खारे कणही मोठेच असतात. आपला डबा त्यांना वेगळं ओळखत नाही." एकदा तोंड पोळल्यावर मी ताक फुंकून पिऊ लागलो होतो.

त्याच दुपारी तिला टॅक्सीत घालून मी लालबागला चुलतभावाच्या गच्चीवर गेलो. खाली रस्त्यावर खणलेल्या मातीची धूळ उडत होती, तरी डब्याचे आकडे गिरगावासारखेच आले. म्हणजे डबा जे मोजतो ती रस्त्यावरची धूळ नव्हे. जमिनीपासून आकाशाच्या टोकापर्यंतचा सगळा स्तंभ तो मोजतो. आणि नाक मोजते ते खालचे पाच-सहा फूट. घरी येऊन हे मी हिला सांगितले. ती म्हणाली, "मग माझं नाकच बरं. त्याला टॅक्सी लागत नाही."

आमचा डबा तो डबाच. पण हेच काम आपल्या महाराष्ट्रात फार मोठ्या निष्ठेने झाले आहे, आणि ते आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ठाऊक नाही. पुण्याच्या हवामान खात्यात अॅना मणी नावाच्या एक विदुषी होत्या. त्रावणकोरात १९१८ साली जन्मलेल्या, बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या. इंग्लंडमधून हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेऊन १९४८ साली त्या पुण्यास आल्या. परदेशी उपकरणांवर अवलंबून न राहता ती इथेच घडवायची, आणि घडवलेल्या प्रत्येक उपकरणाची कसून परीक्षा घ्यायची, हा त्यांचा बाणा. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष. त्या निमित्ताने देशभर ऊन मोजणारी केंद्रे उभी राहिली ती त्यांच्या देखरेखीखाली. पुढे १९६९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ऑंगस्ट्रॉमच्याच रीतीने भारताच्या आकाशातला गढूळपणा मोजून प्रसिद्ध केला. आम्ही बिस्किटांच्या डब्यात जे शोधत होतो, ते त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी देशभरच्या आकड्यांवरून मांडले होते.

पुण्यातच पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या आवारात २००४ पासून जागतिक जाळ्यातला एक सूर्यप्रकाशमापक काम करीत आहे. तो आमच्या डब्यासारखा एका जागी पाहत बसत नाही. आधी सूर्य पाहतो, मग सूर्याच्या उंचीवरूनच आकाशाला गोल फेरी घालतो आणि सूर्यापासून किती दूर किती उजेड आहे ते टिपतो. मोठे कण उजेड फेकतात तो मुख्यतः पुढच्या बाजूस, म्हणून सूर्याभोवती झगझगीत वलय पडते. त्या वलयाच्या उतारावरून कणांचे आकार कळतात, आणि कणांनी शंभरातला किती उजेड फेकला व किती गिळला हेही गणिताने निघते. मार्च २०१२ मध्ये पश्चिमेकडून धुळीचे असेच एक वादळ समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर आले होते. पुण्याच्या संशोधकांनी त्या धुळीने किरणांवर काय परिणाम केला याचा अभ्यास करून तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. कुणी गॅलरीत व्याख्यान दिले नाही. आधी मोजले, मग बोलले.

आता गिळण्याची गोष्ट. तुळशीवृंदावनाला आपण गेरू लावतो. गेरू लाल दिसतो, कारण त्यातले लोहाचे ऑक्साइड निळा उजेड गिळते आणि लाल परत फेकते. वाळवंटाच्या धुळीत हाच गेरू कमी-अधिक प्रमाणात मिसळलेला असतो. गेरू जास्त तर धूळ जास्त गिळते, जास्त तापते आणि भोवतालची हवाही तापवते. म्हणजे खाली जमिनीवर सावली आणि वर हवेत शेगडी, एकाच वेळी!

खाली काय आहे यावरही सगळे अवलंबून. समुद्र काळसर. वर आलेल्या सूर्याच्या उजेडातले शंभरातले सहा-सात भागच तो परत पाठवतो. त्यावर धूळ पसरली की वरून पाहणाऱ्या उपग्रहाला ती जागा उजळ दिसते, म्हणजे जास्त ऊन परत गेले. ही झाली छत्री. पण वाळवंटाची वाळू स्वतःच तीस-चाळीस भाग परत पाठवते. तिच्यावर गेरूची धूळ पसरली तर जागा उलट काळवंडू शकते. हिमालयाच्या बर्फावर बसली तर बर्फ लवकर वितळतो. आणि सूर्य मावळल्यावर? जमीन रात्री आपली उष्णता अवरक्त किरणांनी वर सोडते. धुळीचे मोठे कण त्यातली काही अडवून परत खाली पाठवतात. दिवसा जिने छत्री धरली तीच रात्री गोधडी पांघरते.

सगळा जमाखर्च मांडला तर शिल्लक काय? कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॅस्पर कोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये हा हिशेब प्रसिद्ध केला. ढगांवरचा आणि हिमावरचा परिणाम धरून साऱ्या पृथ्वीवर सरासरी चौरस मीटरमागे सुमारे ०.२ वॅट इतका गारवा धुळीकडून मिळतो असे त्यात आहे. पण त्यापुढे अधिक-उणे ०.५ असे लिहिले आहे! म्हणजे गारवा असण्याचा संभव जास्त, पण उलट ऊब निघाली तरी आश्चर्य नको. १७५० पासून वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा भार दोन वॅटच्या थोडा वर आहे, त्यापुढे ही शिल्लक ठेवून पाहा. या अधिक-उण्यातला मोठा भाग गेरूचा आणि कणांच्या आकाराचा. म्हणून जुलै २०२२ मध्ये अमेरिकेने 'एमिट' नावाचे उपकरण अंतराळ स्थानकावर पाठवले. जगातल्या वाळवंटांत कुठे किती गेरू आहे याचा नकाशा करणे हे त्याचे काम.

आणि आपल्या पावसाचे काय? विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रीड ब्रायसन यांनी १९६० च्या दशकात मांडले होते, की राजस्थानावरच्या दाट धुळीने हवा गार होऊन खाली बसते आणि पाऊस रोखला जातो. पुढे २०१४ मध्ये व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पश्चिम आशिया आणि अरबी समुद्रावर धूळ वाढली की ती तिथली हवा तापवते, दमट वारे ओढून आणते आणि आठवडाभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. जागा निराळी, कण निराळे, निकालही उलटे. शेतकऱ्याच्या पोटाचा जिथे प्रश्न, तिथे 'धूळ गार करते' एवढे सरसकट वाक्य किती तोकडे पडते ते पाहा.

आज मुद्दाम आकाशात कण फवारून पृथ्वी गार करावी अशा योजना मोठमोठे लोक गंभीरपणे मांडू लागले आहेत. माझ्या नातीने सातवीत विचारलेला प्रश्न तो हाच. ज्या धुळीला निसर्ग युगानुयुगे उडवतो आहे, तिच्या हिशेबाचे चिन्हसुद्धा अजून पक्के नाही. तिथे "होईल की!" म्हणणाऱ्या आजोबांची जगाला फार गरज नाही, एवढे तरी मला कळले आहे.

आता नात अकरावीत आहे. या वर्षी कंदील करताना माळ्यावरून जुनी वही निघाली. 'छान' असा शेरा अजून तिथे होता. मी पेन मागितले. तिने माझ्या वाक्यावर सरळ रेघ मारली आणि खाली मी सांगितले तसे लिहिले, 'त्या दिवशी मुंबई गार झाली. वारे गार होते, ढग होते आणि धूळ होती. धुळीचा वाटा किती, हे त्या दिवशी माझ्या आजोबांनी मोजलेले नव्हते.' मग माझ्याकडे पाहून तिने एक ओळ आपल्या मनाने घातली, 'नंतर ते मोजायला शिकले.'

शेजारी करंज्यांना मुरड घालीत बसलेली ही म्हणाली, "माझं पण एक वाक्य लिही गं. छत्री असो नाही तर गोधडी, धूळ दिसली की आधी खिडकी लावावी."

तेही लिहिले. साऱ्या हिशेबात अधिक-उणे नसलेले वाक्य तेवढे एकच होते.